रांजणाच्या आत

इमेरेतीतल्या आमच्या गावात
माझ्याइतका बारका माणूस दुसरा नाही.
लहानपणी याची लाज वाटायची.
मग एकदा, द्राक्षं उतरवायच्या आधी,
बापाने कमरेला दोर बांधून मला रांजणात सोडलं,
आणि तेव्हापासून माझं पोट
रांजणांच्या पोटावर चालतं.

आमच्याकडे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले.
उतरण्याआधी आत मेणबत्ती सोडायची.
विझली, तर थांबायचं:
वाइन उपसली तरी तिचा श्वास तळाशी बसलेला असतो,
त्याला आपला श्वास लागतो.
जळत राहिली, तर चेरीच्या सालीचा कुंचा घ्यायचा,
खांदे कानाला लावायचे
आणि जायचं.

काठावर त्सिआला बसते, माझी बायको.
तिचं काम एकच, बोलत राहणं.
मिठाचा भाव, शेजारच्या सुनेचे बूट,
एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीत मी तिच्या आईला काय बोललो ते.
मी खालून हुंकार द्यायचा.
हुंकार आला नाही की दोर ओढायचा.
गावातल्या पुष्कळ नवऱ्यांना
इतक्या कारणासाठी कुणी ऐकवत नाही.

बाहेरून रांजण कसा आहे
हे फक्त मातीला माहीत.
आतून मला.
मेणाखाली बोटांचे ठसे असतात,
ओतियाचे तर अंधारातही ओळखू येतात:
तीन लांब, एक आखूड, करवतीत गेलेलं.
रोज चार बोटं उंची चढवायची, तो सांगायचा,
पाचवं चढवलंस की खालचं बसलंच.
आणि हाच ओतिया, धाकट्या भावाचा रांजण
भट्टीत फुटला त्या रात्री
उशीत तोंड खुपसून हसला होता.
मला त्यानेच सांगितलं. मग रडला.
मग म्हणाला, जुमबेर, ब्रेड सरकव.

शहरातून एक प्राध्यापक आले होते,
रांजणाला टिचकी मारून म्हणाले, ही कला आहे.
ओतिया म्हणाला, गळला नाही तर.

गुलनाझीकडचा मोठा रांजण गळतो.
कंबरेच्या जरा खाली केसाएवढी भेग,
वर मेणाचा जाड लेप,
लेपावर तीन लांब, एक आखूड.
बावीस वर्षं मी दर हंगामाला
त्या जागेवरून बोट फिरवलं
आणि वर येऊन म्हटलं, छान आहे.
मेलेल्या माणसाची लाज राखावी, असं मी स्वतःला सांगायचो.
खरं म्हणजे बावीस वर्षांपूर्वीच बोललो नव्हतो,
आणि दरवर्षी ते बोलणं
एका वर्षाने जड होत गेलं.

तिकडे वसंतात रांजण उघडला
की वाइन वीतभर खाली,
आणि गुलनाझी बघायची जावयाकडे.
मालखाझ मान खाली घालायचा.
ती मान मला झोपू देईना.

यंदा त्याला गोठ्यामागे गाठला,
टोपी हातात घेऊन सगळं ओकलो.
तो ऐकत राहिला, मग इतका हसला
की गाय दोन पावलं मागे सरली.
"चार बोटं भेगेची असतील, काका,
बाकीची माझी.
तोंड उघडू नका,
सासूबाई नवा रांजण आणतील."

आता मी काय करावं ते कुणाला विचारू?
एवढं वय झालं, वाटलं होतं
शहाणपण तळाशी साचलेलं असेल,
गाळासारखं, आपोआप.
गाळ मी रोज उपसतो. गाळच असतो.

काल पुन्हा त्याच रांजणात होतो.
भेगेपाशी पोचलो,
आणि वर त्सिआला बोलायची थांबली.
तोंडाएवढं गोल आभाळ, त्यात कुणी नाही.
मी ओरडलो, आहेस ना?
"आहे," वरून आवाज आला,
"गात होतास ना, म्हणून गप्प बसले."

मी गात नव्हतो.
कुंचा घासत होतो, नेहमीसारखा.